मामांच्या ट्रॅक्टरचा चार्जर

ट्रॅक्टर विकणाऱ्याने सगळं दाखवून झाल्यावर विचारलं, "चार्जिंगचं काय करायचं ठरवलंय?" आणि मामा माझ्याकडे बघायला लागले.

मार्केट यार्डच्या मागच्या बाजूला त्याची पत्र्याची शेड होती. बाहेर हमालांचा आणि टेम्पोंचा गोंगाट, आत हा विजेवर चालणारा छोटा ट्रॅक्टर. बागेत, फुलांच्या प्लॉटमध्ये चालवायचा. उंचीला जेमतेम माझ्या कमरेएवढा, सीटखाली चार बॅटऱ्या, मागे माती भुसभुशीत करायला रोटाव्हेटर. मामांनी वर बसून किल्ली फिरवली, थोडा वेळ कान दिला आणि म्हणाले, "चालू हाय का बंद?"

"चालूच आहे काका. पुढं घ्या."

ट्रॅक्टर आवाज न करता चार पावलं पुढे गेला आणि मामा हसले. हृदयाच्या ऑपरेशननंतर त्यांना असं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

धायरीत मामांची अठरा गुंठे जमीन उरली होती. बाकीची भावकीने कधीच देऊन टाकली होती आणि तिच्यावर इमारती उभ्या होत्या. या अठरा गुंठ्यांत मामा झेंडू, शेवंती आणि हिवाळ्यात मेथी-कोथिंबीर करत. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, कुदळ धरायची नाही, डिझेलचा हाताने रेटायचा टिलर धरायचा नाही, वजन उचलायचं नाही. मामांचा मुलगा, म्हणजे माझा दादा, हिंजवडीला कंपनीत आहे. तो वडिलांच्या काळजीने अर्धा झाला होता. शेजारच्या बिल्डरला पार्किंगसाठी ती जागा हवीच होती. शेवटी बापलेकांत ठरलं. एक वर्ष. कुदळ न धरता, टिलर न धरता जमलं तर मामांनी शेत करावं. एकदा जरी हातात कुदळ दिसली, तर विक्रीच्या कागदावर सही.

"प्रॉमिस?" दादाने विचारलं होतं.

"प्रामिस," मामा म्हणाले होते.

तेव्हा सगळं या ट्रॅक्टरवर होतं, आणि ट्रॅक्टरचं सगळं चार्जिंगवर. ते ठरवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी शिकलेली-वाचलेली होते.

मी काय वाचलेलं होतं ते सांगायला हवं. माझे वडील कारखान्यात युनियनचं काम करायचे, आई धरणग्रस्तांच्या मोर्चांना जायची. आमच्या दोन खोल्यांत पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असत. मी अक्षरं त्यांच्यावर गिरवली. 'जाहीर निषेध' हे दोन शब्द मला 'कमळ'च्या आधी वाचता येत होते. चौदाव्या वर्षी मी माझं पहिलं पत्रक लिहिलं, रूढींच्या विरोधात. त्यात एक ओळ मामांवर होती, नाव न घेता. मामांच्या गावात भाचीला मान असतो. दिवाळीला मामा भाचीच्या पायाला हात लावून नमस्कार करतो आणि भाचीचा शब्द मोडत नाही. मी दर दिवाळीला पाय मागे ओढून घ्यायचे आणि समानतेवर भाषण द्यायचे. मामा भाषण पूर्ण ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे, आणि मग राहिलेला नमस्कार करायचे.

विकणाऱ्याने पर्याय सांगितले. एक साधा चार्जर होता, घरातल्या जाड पिनेच्या सॉकेटला लावायचा, बॅटऱ्या भरायला आठ-दहा तास. पण मामांचं घर गावठाणात, शेतापासून लांब, आणि मध्ये भर रहदारीचा रस्ता. ट्रॅक्टर रस्त्यावर न्यायची परवानगी नव्हती. शेतात वीज होती ती फक्त पंपाची, सवलतीची, तीही पाळीपाळीने येणारी. शेताच्या दक्षिणेला भिंतीपलीकडे अकरा मजल्यांची सोसायटी होती. तिच्या पार्किंगमध्ये गाड्या चार्ज करायला पॉइंट होते, तिथे विचारता आलं असतं. आणि शेवटचा पर्याय, पंपाच्या शेडवर सोलर पॅनेल टाकायची.

"पंपाच्या तारेवरनंच घेऊ का थोडी?" मामांनी हळूच विचारलं. "समदे घेत्यात."

"मामा, ती वीज पाणी उपसायला दिलेली आहे. आपणच असं केलं तर बिल्डरला कुठल्या तोंडाने बोलायचं?"

"बरं."

"आणि सोसायटीकडे तर मुळीच नाही."

सोसायटीविरुद्धचं पत्रक मीच लिहिलं होतं. तिच्या बोअरवेलनी मामांच्या विहिरीचं पाणी पळवलं तेव्हा मी ते फाटकावर उभं राहून वाटलं होतं. त्या लोकांकडे आता वीज मागायची? आणि कोळशाची वीज तरी का घ्यायची? औष्णिक केंद्रांच्या राखेवर मी चार पानं लिहिलेली होती. मला रस्ता स्वच्छ दिसत होता.

मामांनी सोबत चाचांना आणलं होतं. चाचांचं स्वारगेटजवळ मोटार रिवायंडिंगचं दुकान. मामांच्या पंपाची मोटार तीस वर्षं तेच भरत आले होते. ते बॅटऱ्या ठोकून, टर्मिनल पाहून झाल्यावर म्हणाले, "ताई, सोलर बसवा, चांगलंच आहे. पण साधा चार्जर पण घेऊन ठेवा. बॅटरी अर्धीमुर्धी भरलेली पडून राहिली की खराब होते. दोन्ही असू द्या."

"चाचा, दोन्ही घ्यायचे तर मग सोलर कशाला? मागचं दार उघडं ठेवलं की माणूस मागच्याच दाराने जातो."

"मी बॅटरीबद्दल बोलतोय, ताई."

विकणारा हसला. मी हसले नाही.

वैशाखात पॅनेल बसली. चार पॅनेल, खाली भिंतीवर एक कंट्रोलर, त्यावर तीन दिवे: बॅटरी रिकामी तर लाल, अर्धी तर पिवळा, भरली तर हिरवा. बसवायच्या दिवशी दुपारी बाराला मी शेतात उभी होते. माझी सावली माझ्या चपलांखाली होती, एवढं ऊन डोक्यावर. चाचांनी डोळ्यांवर हात धरून सोसायटीच्या इमारतीकडे पाहिलं.

"ही दक्षिणेला आली ना?"

"आली, पण बघा ना चाचा, शेडवर टिकलीएवढी सावली नाही."

चाचांनी मामांकडे पाहिलं. मामा खाली मातीकडे बघत होते. चपलेने एक ढेकूळ फोडत म्हणाले, "ती म्हणती तसं करा."

हे वाक्य मी तेव्हा ऐकलं होतं. पण त्यांना पटलंय म्हणून ते असं म्हणताहेत, असं मला वाटलं.

पावसाळ्यात दिवा बराच वेळ पिवळाच राहायचा, पण तेव्हा कामही कमी होतं. भाद्रपदात उघडीप पडली आणि मामांनी झेंडूच्या मधल्या सऱ्या स्वतः भुसभुशीत केल्या. टोपी घालून, एखाद्या सरपंचासारखे ताठ बसून. दसऱ्याला दोन टेम्पो फुलं मार्केट यार्डात गेली. दादा सुट्टी काढून आला, बांधावर उभा राहून वडिलांना पाहत होता.

"आय मस्ट से," तो मला म्हणाला, "तुझं ते सोलर वर्क होतंय."

"माझं नाही. सूर्याचं."

"हो बाई, सूर्याचं. त्याला पण एक पत्रक देऊन ये."

त्या दिवशी मामींनी मला साडी नेसवली आणि मामा माझ्या पाया पडले. मी पाय ओढून घेतला नाही. विजय झाला की रूढीसुद्धा गोड लागते, हे मला आता लिहिताना कळतंय.

दिवाळीनंतर मेथीचे वाफे करायचे होते. पहिल्या आठवड्यात ट्रॅक्टर तिसऱ्या वाफ्यावर थांबला. कंट्रोलरचा दिवा लाल. मला वाटलं धूळ बसली असेल. मी शिडी लावून पॅनेल फडक्याने पुसली. दुसऱ्या दिवशी मी ढग असतील म्हणाले. आकाशात ढग नव्हते. तिसऱ्या दिवशी मी सकाळपासून शेडपाशी बसून राहिले.

साडेदहाला इमारतीची सावली शेडवर चढली. आधी एका पॅनेलच्या कोपऱ्यावर आली आणि तेवढ्यावरच, एकाच तारेत जोडलेल्या, चारही पॅनेलचं काम मंदावलं. मग सगळी शेड झाकली. साडेतीनपर्यंत ती हलली नाही. त्यानंतर जे तिरकं ऊन आलं ते मामांच्या गालावर पडून छान दिसलं, बॅटरीत काही गेलं नाही.

सूर्य हिवाळ्यात दक्षिणेकडे सरकतो हे मी चौथीत शिकले होते. मकर संक्रांतीवर तर मी पत्रकही लिहिलं होतं, तिच्यात शास्त्रीय काय आणि खुळं काय, असं. पण माझी सगळी आंदोलनं, शिबिरं, सर्वेक्षणं सुट्टीत, उन्हाळ्यात झालेली. सूर्य मला ठाऊक होता तो वैशाखातला.

मग पुढचे दोन आठवडे मी एका मागून एक सगळ्या दारांशी गेले.

वीज कार्यालयात खिडकीपलीकडचे गृहस्थ शांत होते. "त्या गट नंबरच्या जमिनीवर शेतीचं कनेक्शन आहे. दुसरं हवं असेल तर बांधकामाचा दाखला लागेल."

"तिथे बांधकाम होऊ नये म्हणून तर आम्ही धडपडतोय."

"मग दाखला कसा आणणार?" त्यांनी खरोखर कुतूहलाने विचारलं.

सोसायटीच्या ऑफिसात अध्यक्षांनी मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी सांगितलं, भिंतीवरून एक वायर, रोज काही तास, जो आकार असेल तो भरू. त्यांनी पूर्ण ऐकलं. मग कपाटातून एक फाइल काढली आणि तिच्यातलं एक पिवळं पडलेलं पान माझ्यासमोर ठेवलं.

"हे आपलंच ना?"

'पाणीचोरांना जाब विचारा.' खाली माझ्या गटाचं नाव.

"जपून ठेवलंय," ते म्हणाले. "मराठी उत्तम आहे. पाणीचोर म्हणालात ते म्हणालात, आता विजेचे दाते म्हणणार का? अहो, मला वैयक्तिक काहीच हरकत नाही. पण हे वार्षिक सभेत ठेवावं लागेल."

"सभा कधी आहे?"

"झाली की. गेल्याच महिन्यात."

मला चिडायचं होतं. पण ते जे म्हणाले त्यातला एक शब्दही खोटा नव्हता, आणि पत्रक माझंच होतं.

शेवटी एके दिवशी मी एक बॅटरी सुटी करून स्कूटरवर पायांशी ठेवली आणि गावठाणातल्या घरी न्यायला निघाले. गतिरोधकावर ती कलंडली. थोडं ॲसिड सांडलं, पँटला भोकं पडली, पोटरीवर अजून डाग आहे. मामींनी पाय धुताना विचारलं, "एवढं जड कशाला उचललंस गं?" याच उचलण्यापासून मामांना वाचवायचं होतं.

त्या संध्याकाळी मी चाचांना फोन केला. "चाचा, पंपाच्या कनेक्शनवरून घेऊ. साधा चार्जर घेऊन या."

टोमणा मारायची ही हक्काची जागा होती. त्यांनी मारला नाही. सकाळी रिक्षाने आले, सोबत बॅटरीवर ताण टाकून तपासायचं यंत्र. चारही बॅटऱ्यांना लावलं. काटा प्रत्येक वेळी वर जाऊन लगेच पडला.

"तीन आठवडे अर्ध्या पोटी ठेवलंत यांना," ते म्हणाले. "आतल्या प्लेटा पांढऱ्या पडल्या. आता घरचा करंट द्या नाहीतर पंपाचा, धरणार नाहीत. नव्या घालाव्या लागतील."

तत्त्व सोडायची माझी तयारी झाली, तेव्हा त्याचा काही उपयोग उरला नव्हता.

मी विकणाऱ्याला फोन केला. नव्या बॅटऱ्या यायला पंधरा दिवस. मामांनी आकाशाकडे पाहिलं, वाफ्यांकडे पाहिलं. बी आणून ठेवलेलं होतं. "पंधरा दिसांनी पेरून मेथी निबर हुती," एवढंच म्हणाले.

पुढच्या सोमवारी दुपारी माझ्या फोनवर एक व्हिडिओ आला. मैत्रिणीने पाठवला होता, तिला तिच्या मावशीने, मावशीला आणखी कुणी. वरून, सातव्या-आठव्या मजल्याच्या गॅलरीतून घेतलेला. खाली अर्ध्या सावलीत, अर्ध्या उन्हात एक म्हातारा माणूस कुदळीने माती खोदतोय. चार घाव घालतो, थांबतो, कमरेवर हात ठेवतो, परत चार घाव. मागे संथ संगीत. त्यावर लिहिलेलं: 'या वयातही कष्ट! आमच्या बाल्कनीतून रोज दिसणारी प्रेरणा. सलाम आजोबा!' खाली हात जोडल्याची चित्रं.

मैत्रिणीने विचारलं होतं, "हे तुमच्याच भागातलं ना? किती इन्स्पायरिंग!"

मी स्कूटर काढली. पोचले तेव्हा दादाची गाडी आधीच बांधावर उभी होती. कंपनीच्या ग्रुपवर त्यालाही आला होता. तो ओरडत नव्हता. वाफ्याच्या कडेला उकिडवा बसला होता, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, आणि मामा समोर उभे. कुदळ दोघांच्या मध्ये आडवी पडलेली.

"बाबा, किती दिवस?"

"चार दिस. सकाळचंच जरा जरा."

"रोज दिसणारी, असं लिहिलंय त्यांनी."

"म्हंजी आठ दिस."

"तुम्ही प्रॉमिस केलं होतं."

"व्हय."

दादा माझ्याकडे वळला. मला वाटलं आता माझ्यावर येईल. आलाच पाहिजे होता. पण तो म्हणाला, "तू तरी काय करणार," आणि ते मला आजही सहन होत नाही.

त्या आठवड्यात सही झाली. मामांनी वाद घातला नाही. त्यांनी शब्द दिला होता आणि तो मोडलेलाही होता. मी घरी येऊन कागद घेतला. पत्रकाला वर एक नाव लागतं, ज्याला जाब विचारायचा त्याचं. बिल्डर? त्याची इमारत तीन वर्षांपूर्वीच उभी राहिली होती, आणि जागा तो पैसे मोजून घेत होता. व्हिडिओ काढणाऱ्या बाई? त्यांनी सलाम केला होता. अध्यक्ष, खिडकीतले गृहस्थ, दादा. मी नाव लिहायचे आणि ते टिकायचं नाही. कागद तसाच राहिला.

पौषात एक दिवस ट्रॅक्टर न्यायला टेम्पो आला. सासवडकडच्या एका नर्सरीवाल्याने तो जुन्या बॅटऱ्यांसकट घेतला होता. नव्याची ऑर्डर आम्ही रद्द केली होती. टेम्पोवाल्याने मागची फळी पाडून दोन लाकडी दांड्या टेकवल्या. "घ्या चढवून," तो म्हणाला.

मामांनी किल्ली फिरवली. काही झालं नाही. दिवा लाल होता. दुपारचे दीड वाजले होते आणि सगळी शेड सावलीत.

"साडेतीनला ऊन येईल," मी म्हणाले. "तासाभरात चढण्यापुरता तरी जोर येईल कदाचित."

"मॅडम, मला पाचला हडपसरला माल भरायचाय," टेम्पोवाला म्हणाला आणि तरीही बिडी काढून बसला.

आम्ही शेडच्या पायरीवर बसलो. वाफे तसेच होते. मेथी उगवली होती, पण सगळीकडे नाही. हिरवं एका तिरक्या रेषेपाशी थांबलं होतं, जणू कुणी दोरी लावून कापलंय. रेषेच्या अलीकडे, शेडच्या बाजूला, माती मोकळी होती.

"इथं बी टाकलंच न्हाई," मामा माझी नजर बघून म्हणाले. "सावलीत येत न्हाई. बिल्डिंग झाली तवापास्नं हितनं तिथवर," त्यांनी बोटाने इमारतीपासून शेडच्या पलीकडे रेषा काढली, "कार्तिकापास्नं पौषापत्तोर ऊन न्हाई. तीन वर्सं बघतुया."



"मामा, म्हणजे वैशाखात तुम्हाला माहीत होतं?"

मामा चपलेने एक ढेकूळ फोडू लागले.

"पॅनेल शेडवर बसवत होतो तेव्हा माहीत होतं?"

"व्हय."

"मग बोलला का नाहीत? उत्तरेच्या बांधावर खांब रोवून लावली असती! तिथं ऊन असतं ना?"

"तिथं दिसभर असतं."

"मग?"

मामा ओशाळल्यासारखे हसले. "तू एवढी त्या दुकानदाराम्होरं बोललीस. चाचाम्होरं बोललीस. भाचीचा शब्द कसा मोडायचा?"

वयाच्या चौदाव्या वर्षापासून मी ज्या रूढीविरुद्ध बोलत आले, तिच्याच जोरावर माझं सगळं ऐकलं गेलं होतं. भाषणं त्यांनी ऐकून घेतली होती ती याच कारणाने. मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं की, मामा, तुमचं काय म्हणणं आहे.

टेम्पोवाल्याने बिडी विझवली. "मॅडम, होणार नाही. ढकलू या. हलकाच आहे."

तो एका बाजूला लागला, मी दुसऱ्या. ट्रॅक्टरची पुढची चाकं दांड्यांवर चढली आणि तिथेच अडली. मी खांदा लावला. माती पायाखालून सरकत होती. मग मागून आणखी एक जोर आला आणि चाकं हलली. मी वळून पाहिलं. मामांनी दोन्ही हात ट्रॅक्टरला लावले होते, मान खाली, टोपी पडलेली.

"मामा, तुम्ही हात लावू नका," मी ओरडले.

त्यांनी लगेच हात काढले. दोन पावलं मागे सरकून, हात धोतराला पुसत, शाळेतल्या मुलासारखे उभे राहिले. ट्रॅक्टर परत खाली आला.